आधी मुळांना कळवा

२००९ सालच्या जून महिन्यात मी एका जपानी मेपलचा जीव घेतला. मुद्दाम नाही. घरामागे लाकडी डेक बांधायचा होता आणि झाड नेमकं त्याच्या वाटेत येत होतं. कंत्राटदार म्हणाला, "तोडून टाकतो." मला ते पटेना. लालचुटूक पानांचं, दोन इंच जाडीच्या खोडाचं देखणं झाड. मी आणि नवऱ्याने एका शनिवारी कुदळ-फावडं घेतलं, दुपारपर्यंत झाड उपटलं आणि कुंपणापाशी दुसरा खड्डा खणून लावलं. खड्डा चांगला खोल खणला, तळाशी शेणखताची पिशवी रिकामी केली, वरून मूठभर खत टाकलं आणि बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचा छान डोंगर रचला. संध्याकाळी चहा पिताना दोघांनाही फार समाधान वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. मी पाणी वाढवलं. दहाव्या दिवशी कडा करपल्या. मी आणखी पाणी वाढवलं. ऑगस्टमध्ये फांदीला नखाने खरवडून पाहिलं, तर आत हिरवं काहीच उरलं नव्हतं.

त्या शनिवारी आम्ही जे जे केलं, ते सगळं चुकीचं होतं. पण हे मला समजायला बरीच वर्षं जावी लागली, आणि ते समजावलं सासवडजवळच्या एका शेतकऱ्याने. म्हणजे माझ्या वडिलांनी.

तात्या

आमचं गाव पुरंदर तालुक्यात. पुण्याहून दिवेघाट चढून वर आलं की हवा बदलते, पाऊस कमी होतो आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सीताफळ आणि अंजिराच्या बागा दिसायला लागतात. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तात्यांना ही बातमी मी फोनवर वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, "आता कळलं व्हय त्यांना!" त्यांनी आयुष्यभर अंजीरच केलं. पावसाळ्यातला खट्टा बहार, उन्हाळ्यातला मीठा बहार, बागेला ताण कधी द्यायचा, ताण कधी तोडायचा, हेच आमच्या घरातलं पंचांग.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये आई गेली. मी एकुलती एक. तात्या तेव्हा शहात्तर वर्षांचे. गावात एकटे कसे राहणार, म्हणून आम्ही घाईघाईने सगळं ठरवलं. बाग चुलतभावाला कसायला दिली, भांडीकुंडी वाटली, घराला कुलूप लावलं आणि नोव्हेंबरात तात्या न्यू जर्सीला आमच्या घरी आले. सगळे म्हणाले, "किती गुणाची लेक!" मलाही तसंच वाटलं.

त्या हिवाळ्यात तात्या खिडकीपाशी बसून राहिले. जेवण निम्म्यावर आलं. टीव्हीवर मराठी वाहिनी लावून दिली तर पाहायचे, बंद केली तर बंद. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक होतं. एकदा त्यांनी मला विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, मंगळवार. ते म्हणाले, "असंल."

एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारली. "अगं, ते बघ! तो माणूस मढं उकरतोय!"

शेजारचे इटालियन आजोबा त्यांच्या परसात एक लांबट खड्डा उकरत होते. माती बाजूला केली, पालापाचोळा काढला, फळ्या काढल्या आणि आतून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी हळूहळू उभं केलं. मला माहीत होतं, पण तात्यांना सांगायचं राहून गेलं होतं. न्यू जर्सीतल्या इटालियन घरांमध्ये ही जुनी पद्धत आहे. दक्षिण इटलीतून येताना लोकांनी अंजिराच्या काड्या आणल्या. पण इथल्या थंडीत अंजीर वरून जळून जातं. म्हणून थंडीच्या तोंडावर झाडाची एका बाजूची मुळं कुदळीने तोडायची, दुसऱ्या बाजूची तशीच ठेवायची, झाड चरात आडवं झोपवायचं आणि वर माती लोटायची. वसंतात पुन्हा उभं करायचं.

तात्या सपाता घालून, स्वेटरवर शाल गुंडाळून तसेच बाहेर गेले. कुंपणापाशी उभे राहिले. मग खोडावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "अंजीर!" आजोबा म्हणाले, "फीको!" पुढची चार वर्षं त्या दोघांचं संभाषण साधारण एवढ्याच शब्दसंग्रहावर चाललं, आणि उत्तम चाललं. त्याच दिवशी आजोबांनी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या तीन काड्या कापून दिल्या. तात्यांनी त्या कुंडीत खोचल्या. दोन जगल्या. त्यातली चांगली काडी पुढे आमच्या परसात, दक्षिणेच्या भिंतीच्या उबेला लागली. तात्या जेवायला लागले.

घर बदलायचं ठरलं

२०१९ मध्ये आजोबा वारले. त्यांचं घर विकलं गेलं आणि नव्या मालकांनी पहिल्याच महिन्यात त्यांचं अंजीर मुळासकट काढून टाकलं. त्यांचा काही दोष नाही. हिवाळ्यात ते झाड वाळक्या काटक्यांसारखंच दिसतं. तात्या दोन दिवस परसात गेले नाहीत.

२०२२ च्या जानेवारीत आमचं घर बदलायचं ठरलं. तात्यांचे गुडघे गेले होते, त्यांची खोली वर आणि जिना अरुंद. एकमजली घर हवं होतं. मी त्यांना ही बातमी अगदी उत्साहाने सांगितली. ते एवढंच म्हणाले, "आन् अंजीर?"

नवरा व्यवहारी. "काडी कापून नेऊ की! अंजीर तर काडीवर लागतं." त्याचं म्हणणं चूक नव्हतं. फाटेकलम हा सगळ्यात सोपा, फुकट आणि खात्रीचा उपाय आहे, आणि तुमच्या झाडाचं कलम होत असेल तर विमा म्हणून ते आधी करून ठेवाच, आम्हीही केलं. पण तात्या त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. काडीचं झाड होऊन भरपूर फळ धरायला चार-पाच वर्षं. हा हिशेब कुणी मोठ्याने केला नाही, पण तिघांनीही मनात केला. मी म्हटलं, झाडच न्यायचं.

आणि मग मी मेपलची गोष्ट सांगितली. तात्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "पानं असताना उपटलंस?"

मेपल का मेलं

पानगळीच्या झाडाला हलवायचा काळ म्हणजे ते झोपलेलं असतानाचा काळ. पानं गळून गेल्यापासून जमीन गोठेपर्यंत, किंवा वसंतात जमीन सुटल्यापासून डोळे फुटेपर्यंत. पानं असली की झाड सतत पाणी बाहेर टाकत असतं, आणि ते पाणी ओढणारी बारीक मुळं तर आपण फावड्याने तोडून मागे ठेवलेली असतात. मोठं झाड जमिनीतून काढताना त्याची नव्वद टक्क्यांहून जास्त मुळं मागे राहू शकतात. आपल्याला वाटतं मुळं खाली खोल जातात. खरं तर पाणी आणि अन्न घेणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही कितीतरी बाहेर पसरलेली असतात. आम्ही मेपलभोवती एका घमेल्याएवढी माती ठेवली होती. जूनच्या उन्हात, सगळी पानं अंगावर असताना.

सगळी झाडं सारखी नसतात, हेही मला नंतर कळलं. आपल्या ईशान्येकडच्या राज्यांत मेपल, लिंडन, क्रॅबॲपल ही झाडं शरदात किंवा वसंतात, दोन्ही वेळी हलवता येतात. मॅग्नोलिया, डॉगवुड, बर्च आणि बहुतेक ओक यांना वसंतच मानवतो. मॅग्नोलियाची मुळं मांसल असतात, थंडीच्या तोंडावर तुटली तर भरून येण्याआधी सडतात. पाइन-स्प्रूससारख्या सदाहरित झाडांना हिवाळ्यातही पानं असतात, वारा त्यांचं पाणी शोषत राहतो; म्हणून त्यांना ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत हलवावं, म्हणजे जमीन गोठण्याआधी मुळं थोडी पसरतात, नाहीतर सरळ वसंताची वाट पाहावी. अंजीर कोवळ्या वयात थंडीला भितं, म्हणून इथे त्याला मार्चअखेर किंवा एप्रिलची सुरुवात. टेक्सस-कॅलिफोर्नियातल्या मंडळींना आपल्यासारखी गोठलेली जमीन नसते, त्यांनी ऐन हिवाळा गाठावा. त्यांचा वैरी उन्हाळा. आणि गावाकडे ही कामं आपण मृगाच्या पावसावर करतो, कारण तिथे झाडाला सांभाळणारी थंडी नसते, ढग असतात.

वर्षभराची तयारी

"मुळं आधी तोडायची," तात्या म्हणाले. "मग वरीसभर थांबायचं. झाडाला कळू द्यायचं, निघायचंय म्हणून. आधी मुळांना कळवायचं, मग झाडाला हात लावायचा."

हे म्हणजे काय, तर झाड काढायच्या आधीच्या हंगामात त्याच्याभोवती ठरावीक अंतरावर गोल चर मारून मुळं स्वच्छ कापायची. कापलेल्या टोकापाशी बारीक मुळांची नवी जाळी फुटते. पुढे झाड उचलतो तेव्हा ही ताजी जाळी बरोबर येते आणि नव्या जागी पहिल्या दिवसापासून पाणी ओढायला लागते. वसंतात हलवायचं असेल तर निदान आधीच्या शरदात मुळं कापावीत. शरदात हलवायचं असेल तर आधीच्या वसंतात.

किती अंतरावर? इथला साधा हिशेब असा: जमिनीपासून सहा इंचांवर खोडाची जाडी मोजायची, दर इंचाला दहा ते बारा इंच व्यासाची मातीची हुंडी. आमच्या अंजिराचं खोड दोन इंच होतं, म्हणजे हुंडी चोवीस इंचांची. पण आधीची कापणी मात्र जरा आत, वीस इंचांच्या वर्तुळावर करायची, म्हणजे त्याच्याबाहेर फुटलेली नवी मुळं चोवीस इंचांत सापडतात. तात्यांनी इंच ऐकले, मग चवड्यावर चवडा ठेवत झाडाभोवती स्वतः फिरले आणि काठीने रेघ मारली. मी टेपने मोजलं. एकवीस इंच भरलं.

घाई नव्हती, म्हणून ते काम आम्ही दोन हप्त्यांत केलं. वर्तुळाचे चार भाग पाडले. २०२२ च्या मार्चअखेर समोरासमोरचे दोन भाग कापले, उरलेले दोन नोव्हेंबरात, पानं गळल्यावर. धारदार फावडं सरळ खाली, जाड मुळं कात्रीने किंवा करवतीने; चेचायची नाहीत. चर तीच माती घालून बुजवायचा आणि उन्हाळाभर पाण्याकडे लक्ष ठेवायचं. दोन सूचना तात्यांच्या नाहीत, माझ्या आहेत. एक: खणण्याआधी काही दिवस ८११ ला फोन करा, ते फुकट येऊन जमिनीखालच्या वायू, वीज, पाणी यांच्या वाहिन्यांवर रंगीत खुणा करून जातात. आमच्या अंजिरापासून पाच फुटांवर पिवळी खूण निघाली, म्हणजे गॅस. दोन: अंजिराचा चीक हाताला लागून त्यावर ऊन पडलं तर चट्टे उठतात. हातमोजे घाला.

त्या मार्चच्या दिवशी तात्या खुर्ची टाकून बसले होते, नवरा फावडं मारत होता आणि मी माती ओढत होते. पहिलं जाड मूळ कट्‌कन तुटलं. तात्या त्याच्याकडे बघत अगदी सहज, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाले, "मला न्हाई कुणी वरीस दिलं."

नवऱ्याचं फावडं थांबलं. मी मान वर केली नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. त्यामुळे उत्तर देणं आणखीच अवघड होतं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "जावईबापू, डावीकडचं राहिलंय."

आपण इथली सगळी माणसं म्हणजे एका मातीतून उपटून दुसऱ्या मातीत लावलेली झाडं, हे वाक्य आपल्या मंडळाच्या प्रत्येक स्मरणिकेत एकदा तरी येतं. मला त्याचा कंटाळा आला होता. पण त्या दिवशी लक्षात आलं की ते वाक्य मी कायम स्वतःबद्दल वाचत आले होते. मी पंचविसाव्या वर्षी आले, कोवळं रोप होते, आणि यायचं ठरवलंही मीच होतं. तात्यांना आम्ही शहात्तराव्या वर्षी, ऐन दुःखात, तीन महिन्यांत काढलं होतं. आणि आताही नवं घर त्यांच्यासाठीच घेत होतो; त्यांना मात्र काहीच विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आम्ही त्यांना विचारलं. घर कसं हवं? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. उंबरा नको. सकाळचं ऊन हवं. चालत जाऊन बसता येईल अशी जागा हवी, "जिथं माणसं येत्यात."

खड्डा आधी

डिसेंबरात आम्हाला मनाजोगतं घर मिळालं, चाळीस मिनिटांच्या अंतरावर. न्हाणीघरात धरायला दांडे बसवायचे होते, फरशी बदलायची होती. तीन महिने कामं चालणार होती. दर शनिवारी आम्ही तात्यांना तिथे घेऊन जायला लागलो. पहिल्या दोन वेळा ते गाडीतून उतरले नाहीत. तिसऱ्या वेळी उतरले आणि काठी टेकत परसाला फेरी मारून आले. चौथ्या शनिवारी पलीकडच्या उद्यानात त्यांना बाकावर बसलेली चार गुजराती आजोबांची बैठक सापडली. फेब्रुवारीपर्यंत शनिवार त्यांचे ठरलेले होते. आम्हीच कधी उशीर केला तर दारात काठी आपटायचे.

अंजिराची जागा त्यांनीच निवडली. दक्षिणेला भिंत, वाऱ्याला आडोसा, दिवसभर ऊन. जमीन सुटल्यावर मार्चमध्ये आम्ही खड्डा खणून ठेवला, कारण झाड हातात आल्यावर खड्डा खणायला लागलं तर तोवर मुळं सुकतात. खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पाहिलं. जिरलं होतं. साचून राहिलं असतं तर जागा बदलावी लागली असती; पाणथळ जागेत अंजीरच काय, बहुतेक झाडं गुदमरतात.

खड्ड्याचं माप बघा, कारण माझी मेपलची मोठी चूक इथे होती. खड्डा हुंडीच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण हुंडीच्या उंचीपेक्षा तसूभरही खोल नको. तळाची माती हलवली की झाड नंतर खचतं. खोड जिथे पसरून मुळात शिरतं तो फुगवटा जमिनीच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला की खोड हळूहळू कुजतं. आणि खड्ड्यात खत भरायचं नाही. माती निघाली तीच परत घालायची. खड्ड्यात गादी घातली तर मुळं गादीतच गोल फिरत बसतात, बाहेरच्या मातीत जातच नाहीत.

एक कायद्याची गोष्ट सांगायची राहिली. अमेरिकेत घर विकताना जमिनीत लावलेलं झाड हे घराचाच भाग धरतात. ते न्यायचं असेल तर करारात तसं लिहून घ्यावं लागतं. आम्ही वकिलाकडून करारात अंजिराचं कलम घालून घेतलं. हा विनोद त्याला इंग्रजीत समजावून सांगणं मला जमलं नाही.

स्थलांतराचा दिवस

मार्चचा शेवटचा शनिवार, २०२३. आकाश ढगाळ, वारा नाही. हवा तसाच दिवस. आदल्या दिवशी झाडाला भरपूर पाणी दिलेलं, कारण ओली हुंडी एकसंध राहते, कोरडी फुटते. फांद्या सुतळीने हलक्या बांधून घेतल्या. चोवीस इंचांच्या रेघेवर चर खणला, सव्वा फुटापर्यंत खाली गेलो, मग हुंडी खालून तासत आणली. रेघेच्या आत सगळीकडे पांढरट, दोऱ्यासारखी मुळं दिसत होती. वर्षापूर्वी ती तिथे नव्हती. तात्यांनी खुर्चीतून वाकून पाहिलं आणि फक्त मान हलवली.

गोणपाट खाली सरकवायचं, हुंडी गुंडाळायची, सुतळीने आवळायची. उचलताना खोडाला धरायचं नाही, हुंडीलाच धरायचं; खोडाला धरून ओढलं की आतली मुळं मातीपासून सुटतात. ओल्या मातीचं वजन घनफुटाला साधारण शंभर पौंड. आमची छोटीशी दिसणारी हुंडी तीनशे पौंडांच्या आसपास होती. मंडळातले चार मित्र आले होते. मोदक खायला बोलावतो तेव्हा येतात त्याच तत्परतेने आले, म्हणून त्यांचे जाहीर आभार. फळीवरून सरकवत झाड टेंपोत चढवलं. याहून मोठं झाड असेल तर हा उद्योग करू नका. चार इंच खोडाच्या झाडाची हुंडी सहज अर्ध्या टनावर जाते. त्यासाठी पात्यांची यंत्रं असलेले लोक असतात, त्यांना बोलवा.

उघड्या टेंपोतून नेताना फांद्यांवर ताडपत्री घातली. महामार्गावरचा वारा झोपलेल्या कळ्याही सुकवतो. नव्या घरी दुपारी एकच्या सुमारास झाड खड्ड्यात बसलं. तात्यांनी जुन्या घरी खोडाच्या दक्षिणेकडच्या बाजूला लाल चिंधी बांधून ठेवली होती, ती बाजू नव्या घरीही दक्षिणेलाच आणली. गोणपाट वरून सोडवून कापून टाकलं. माती निम्मी घातली, पाणी, मग उरलेली माती, पुन्हा पाणी. पायाने तुडवायची नाही. पाणीच मातीला बसवतं. भोवती आळं केलं. लाकडाच्या भुशाचं तीन इंच आच्छादन दिलं, पण खोडापासून चार बोटं लांब. मेपलसारखा डोंगर नाही. खोडाला टेकलेलं ओलं आच्छादन म्हणजे साल कुजायला आमंत्रण. खत काहीच नाही. आणि "मुळं कमी झाली, तर फांद्याही कमी करू" ही जुनी समजूतही सोडून द्या. मोडक्या-वाळक्या तेवढ्या काढा. नवी मुळं फुटायला लागणारं अन्न त्याच फांद्यांच्या पानांतून येतं.

पंधरा दिवसांनी आम्हीही तिथे राहायला गेलो. तात्या पहिल्या रात्री शांत झोपले. मी झोपले नाही.

वाट पाहणं

हे सगळ्यात कठीण. मे महिन्यात पानं फुटली, पण लहान, पोपटाच्या पंखाएवढी. फळ एकही नाही. मला खत घालायचा मोह अनावर झाला. तात्या म्हणाले, "आजाऱ्याला श्रीखंड देतीस व्हय?" पहिल्या वर्षी झाड वर काही दाखवत नाही, ते खाली कामात असतं. खोडाच्या दर इंचाला साधारण एक वर्ष, इतका वेळ त्याला रुळायला लागतो. दोन इंचांना दोन वर्षं.

त्या काळात तुमचं काम एकच, पाणी. तेही हुंडीला. सुरुवातीला मुळं फक्त हुंडीत असतात. भोवतालची जमीन ओली दिसत असते आणि हुंडी आतून कोरडी पडलेली असते. बोट खुपसून पाहायचं. कोरडं लागलं तर नळीची धार अगदी बारीक करून सावकाश, खोलवर द्यायचं. ओलं लागलं तर नळी ठेवून द्यायची. माझा मेपल शेवटी तहानेने मेला की बुडून, हे मला आजही सांगता येणार नाही.

नोव्हेंबरात तात्यांनी झाडाला गोणपाटाची घोंगडी गुंडाळायला लावली. २०२४ च्या सप्टेंबरात अकरा अंजिरं आली. पहिलं त्यांनी तोडलं नाही. "पाखराला," म्हणाले. दुसरं देवापुढे ठेवलं. तिसरं मधोमध फाडून अर्धं मला दिलं. पुरंदरच्या चवीचं नव्हतं. मी तसं म्हटलं, तर म्हणाले, "माती दुसरी हाय. चव दुसरीच असणार."

यंदा मोजदाद सोडून दिली. तात्या सत्त्याऐंशीचे आहेत, उद्यानातली गुजराती बैठक आता सहा जणांची झाली आहे आणि तिथे अंजिरं वाटायचं काम त्यांच्याकडे आहे.

गेल्या महिन्यात मंडळातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. घर विकतायत, दारातलं मॅग्नोलिया न्यायचंय, तुला माहिती आहे म्हणे, तर पुढच्या आठवड्यात येतेस का? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नको, मॅग्नोलियाला थंडीच्या तोंडावर हात लावू नकोस. वसंतात पानं फुटायच्या आधी अर्धी मुळं कापू, उरलेली त्याच्या पुढच्या वसंतात, मग झाड. ती म्हणाली, "बाई गं, इतका वेळ कुणाला आहे! जानेवारीत आईलाही कायमचं आणतोय, बाबा गेल्यापासून एकटीच आहे ना. सगळं एकदम उरकून टाकू."

फोन स्पीकरवर होता. तात्या समोर शेंगा सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले,

"झाडाचं र्‍हाऊ दे. आईला इचारलंय का म्हणावं."